कान वाजत असताना विमानात बसायचं: चिकलठाण्याहून (संभाजीनगरचा विमानतळ) निघणाऱ्यांसाठी

कुणी हाक मारलेली नसताना हाक ऐकू आली, की घरातलं कुणीतरी म्हणतं, "तुझे कान वाजले असतील." माझे कान खरोखरच वाजतात. नऊ वर्षं झाली. डाव्या कानात रातकिड्यांची किर्रर्र, उजव्यात कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसला बारीक सूंऽऽ. दवाखान्यात याला टिनिटस म्हणतात, कर्णनाद असाही शब्द आहे. मी जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये सव्वीस वर्षं काढली. सळई कापणारी करवत दहा पावलांवर. कानात कापसाचा बोळा घातला की काळजी मिटली, असं आम्ही सगळेच समजत होतो. कापसाने आवाज जेमतेम अडतो, हे मला काम सुटल्यावर कळलं.

पोरगी नोकरीला दिल्लीत. पहिल्यांदा विमानाने निघालो तेव्हा सर्दी होती, तरी गेलो. मुंबईला विमान बदलायचं होतं. तिथे उतरताना डुलकी लागली आणि जाग आली ती कानात दाभण खुपसल्यासारखी कळ येऊन. पुढे अकरा दिवस कान गच्च. बाहेरचं नीट ऐकू येईना, त्यामुळे आतली शिट्टी दुप्पट वाटायला लागली. दिल्ली बघायला गेलेला माणूस मुलीच्या खोलीत पंखा लावून बसून राहिला.

त्यानंतर बरेच प्रवास झाले. आता माझं मत असं, की आपण उगाच इंजिनाच्या आवाजाला भितो. खरा त्रास देतो तो उतरताना बदलणारा हवेचा दाब. आणि आवाजाच्या धास्तीने कान गच्च बुजवून घेतले, तर आतला आवाज आणखी ठसठशीत होतो. खाली जे लिहिलंय ते या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी. मी डॉक्टर नाही, एक प्रवासी आहे. म्हणून सुरुवातच डॉक्टरांपासून करतो.

१. तिकिटाच्या आधी कान दाखवा

निघण्याच्या निदान पंधरा दिवस आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन या.

पहिली गोष्ट मळाची. मळाचा खडा पडद्याला टेकला, तर नुसत्या त्यानेही कान वाजतो आणि जड होतो. तो डॉक्टरकडूनच काढून घ्या. आठवडी बाजारात फिरणाऱ्या कानमैलवाल्याकडून नको, काडीपेटीच्या काडीने नको, कापूस गुंडाळलेल्या काडीनेही नको. काडीने मळ आणखी आत ठासला जातो. लसूण कढवून कोमट तेल सोडायची आपल्याकडे फार हौस. माझ्या सासूबाईंनी तर वाटी हातात घेऊनच मला गाठलं होतं. पडद्याला भोक आहे की नाही हे माहीत नसताना कानात काहीही ओतणं धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट चाचण्यांची. ऑडिओमेट्रीत किती ऐकू येतं हे कळतं आणि टिम्पॅनोमेट्रीत पडद्यामागचा दाब कसा आहे ते. दोन्ही दुखत नाहीत. त्यांचा कागद जपून ठेवा, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. प्रवासानंतर ऐकण्यात फरक पडला, तर "आधी किती होतं?" हा डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर त्या कागदावर असतं.

खासगीत जायची ऐपत नसेल तर सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत: संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडलाही वैद्यकीय महाविद्यालयं. मुंबईत मुक्काम होणार असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी आहे, १९८३ पासून.

डॉक्टरांना हे नक्की विचारा:

- माझ्या नाकाची अवस्था पाहता उतरताना त्रास होईल का? नाकात सोडायचे थेंब घेऊ का?
- चालू औषधांपैकी कशाने कान वाजणं वाढतं का? (जास्त मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन, क्विनीन, अमिकासिनसारखी काही इंजेक्शनं यांचा कानाशी संबंध आहे. पण विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही.)
- कानाचं ऑपरेशन झालं असेल तर किती दिवस विमान टाळू?

काही लक्षणं असतील तर तिकिटाचं नंतर बघा. आवाज फक्त एकाच कानात असणं, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धप-धप येणं, सोबत गरगरणं, किंवा ऐकणं एकाएकी कमी होणं. यांचा छडा आधी लावून घ्यावा लागतो.

जाता जाता एक गंमत. माझ्या मेव्हण्याच्या पडद्याला जुनं भोक आहे, म्हणून तो विमानाला घाबरायचा. डॉक्टर म्हणाले, "तुम्हालाच तर दाबाचा त्रास कमी, हवा भोकातून ये-जा करेल." धडधाकट पडद्याचा मी कळवळत होतो आणि हा शेजारी शेंगदाणे खात होता.

२. तिकीट काढताना किमतीशिवाय काय बघायचं

किती वेळा उतरायचं ते मोजा. थेट विमान म्हणजे एकदा, मुंबईला बदलून गेलं तर दोनदा. कानाच्या दृष्टीने हजार रुपयांच्या बचतीपेक्षा हा फरक मोठा आहे. चिकलठाण्याहून थेट जाता आलं तर उत्तम. नांदेड, परभणी, हिंगोलीकरांनी नांदेडचं वेळापत्रकही चाळावं. लातूरकडची मंडळी बऱ्याचदा रस्त्याने हैदराबाद किंवा पुणे गाठून थेट विमान पकडतात. रस्ता लांब पडतो, पण कानाला एकच उतरणं येतं.

कुठे उतरतोय हेही महत्त्वाचं. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर आहे, दिल्ली पावणेआठशेच्या आसपास आणि मुंबई जवळजवळ समुद्राला टेकलेली. म्हणजे इथून चढून मुंबईला उतरताना चढलो त्यापेक्षा जास्त खाली यावं लागतं. एसटीने कसारा घाट उतरताना कानात दडे बसतात ना, तोच प्रकार. लांबच्या प्रवासात विमानाच्या आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. आपलं कळसूबाई आहे ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्याही वर जायचं आणि पाऊण तासाच्या आत समुद्रकिनाऱ्यावर यायचं.

जागा निवडताना आधी विमान कोणतं आहे ते पाहा. तिकिटावर लिहिलेलं असतं. एअरबस किंवा बोइंग जेट असेल तर पंखांच्या पुढच्या ओळी शांत, मागचा भाग जास्त गोंगाटाचा. एटीआर म्हणजे बाहेर पंखे फिरणारं छोटं विमान असेल तर हिशेब उलटा होतो: पंख्यांच्या रेषेतल्या पुढच्या ओळी सोडा, मागे बसा. खिडकीपेक्षा आतल्या बाजूची सीट थोडी बरी. मला खिडकीचा मोह आवरत नाही, तो माझा दोष.

पहाटेचं स्वस्त विमान शक्यतो नको. जालना, अंबड, सिल्लोडकडून यायचं तर रात्री दोनला उठावं लागतं, आणि झोप मोडली की माझी शिट्टी दिवसभर चढलेली असते. तुमचंही असंच असेल तर दुपारचं घ्या.

३. सर्दी झाली तर

माझं सरळ सांगणं: नाक पूर्ण बंद असेल, सायनस भरलं असेल किंवा कान दुखत असेल, तर तारीख बदला. पैसे जातात. पण अकरा दिवस बहिऱ्यासारखं बसण्याची किंमत मी मोजलेली आहे.

कारण समजून घ्या. पडद्याच्या मागे हवेची छोटी पोकळी असते. तिथून एक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. युस्टेशियन नळी. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते आणि आत-बाहेरची हवा सारखी होते. सर्दीत तिचं तोंड सुजतं. वर जाताना आतली हवा कशीतरी बाहेर पडते, पण खाली येताना बाहेरचा वाढलेला दाब ती नळी आणखी दाबून धरतो. मग पडदा आत ओढला जातो, दुखतो, कधी मागे पाणी साचतं. माझं हेच झालं होतं.

सर्दी किरकोळ असेल आणि जाणं भागच असेल तर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे नाकाचे थेंब डॉक्टरांना विचारून घ्या. ते उतरायला सुरुवात होण्याच्या अर्धा तास आधी सोडायचे. मुंबईचं विमान जेमतेम तासाभराचं, त्यामुळे तिथे विमानात बसतानाच सोडावे लागतात. सापळे दोन आहेत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे थेंब, आणि त्याहून जास्त सर्दीच्या काही गोळ्या, विचारल्याशिवाय नाहीत. आणि थेंबांची सवय लावून घ्यायची नाही; चार-पाच दिवसांपुढे गेलं की नाक उलट जास्त चोंदतं.

४. पिशवीत काय काय

हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनला दिलेली बॅग उतरताना उपयोगाची नाही.

- आधार कार्ड किंवा दुसरं फोटोचं ओळखपत्र, आणि तिकीट
- डॉक्टरांची चिठ्ठी, चालू औषधांची यादी, ऑडिओमेट्रीचा कागद
- रोजच्या गोळ्या, मूळ पाकिटासकट
- फोमचे इअरप्लग, दोन जोड्या (औषधाच्या दुकानात मिळतात)
- हेडफोन, आणि मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेले आवाज
- चघळायला लिमलेटच्या गोळ्या, खडीसाखर किंवा आवळासुपारी
- रिकामी पाण्याची बाटली, आत गेल्यावर भरून घ्यायची
- श्रवणयंत्र वापरत असाल तर जादा बॅटऱ्या आणि डबी
- पॉवर बँक (ही चेक-इनच्या बॅगेत टाकायला परवानगी नाही)

आवाजांबद्दल जरा सविस्तर सांगतो. वर नेट बहुतेक नसतं, म्हणून पाऊस, ओढा, समुद्र असले आवाज घरीच उतरवून ठेवा. माझ्या मोबाइलमध्ये आमच्या घरच्या कूलरचा तासाभराचा आवाज आहे. उन्हाळाभर मला त्याच आवाजात झोप लागते, तेव्हा दिल्लीतही तोच चालतो. बायको म्हणाली, "अहो, लोक भजनं भरून नेतात, तुम्ही कूलर नेताय."

५. घर ते विमानतळ: खरा गोंगाट इथे

एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा अशी: ८५ डेसिबल आवाज दिवसात ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात ८ तासांना ९० धरतात. आमच्या मिलमध्ये हे आकडे कुणी वाचून दाखवले असते तर बरं झालं असतं.

विमान वर स्थिरावलं की आत साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज असतो, उड्डाणाच्या वेळी थोडा वेळ त्याहून जास्त. म्हणजे तास-दोन तासांच्या प्रवासात कान खराब होईल असं काही घडत नाही. आता लग्नसराईतली वरात आठवा. डीजेच्या भिंतीपुढे १०० च्या वर आवाज सहज जातो. आदल्या रात्री भाच्याच्या वरातीत दोन तास उभं राहायचं आणि सकाळी विमानाने कान वाजवले म्हणायचं, हा विमानावर अन्याय आहे.

तेव्हा प्रवासाच्या आधीचे दोन दिवस कानाला विसावा द्या. वरात टाळता येत नसेल तर इअरप्लग घालून मागे चाला. विमानतळाकडे जाताना जीपवाल्याला, ट्रॅव्हल्सवाल्याला गाणी कमी करायला सांगायला लाजू नका. "दादा, कानाचं दुखणं आहे" एवढं म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. वाळूजकडून किंवा क्रांती चौकातून येणाऱ्यांनी जालना रोडच्या कोंडीचा वेळ धरून निघावं. हॉर्नमध्ये अडकून धावतपळत पोचलं की जबडा आवळलेला असतो, आणि जबडा-मान ताठली की पुष्कळांचा आतला आवाज वाढतो. दात आवळून बघा, लगेच कळेल.

इअरप्लग घालायचीही रीत आहे. बहुतेक जण नुसता दाबून घालतात, मग तो निम्मा बाहेर लोंबतो. फोम बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट तसंच ठेवा. हात स्वच्छ हवेत.

६. विमानतळावर

थोडक्यात उरकतो. दोन तास आधी पोचा. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. श्रवणयंत्र काढायची गरज नसते, ते घालूनच तपासणीच्या चौकटीतून जाता येतं. जवानाला आधी सांगा म्हणजे झालं.

मुंबई, दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा लाउडस्पीकरवरून होत नाही, शांतता पाळतात. आपल्या कानाला बरं, पण कुणी हाक मारेल म्हणून बसून राहिलात तर विमान जाईल. पडद्यावर गेट नंबर बघत राहा, तो बदलतोही. ऐकायला कमी येत असेल तर गेटवरच्या कर्मचाऱ्याला सांगून ठेवा. उघड्यावरून चालत विमानापर्यंत जायचं असेल तर तेवढ्यापुरते इअरप्लग घाला, जवळ उभ्या विमानाचं इंजिन फार कर्कश असतं.

७. चढताना आणि वर असताना

चढताना कान बहुतेक आपोआप सुटतात. गोळी चघळा, पाण्याचे घोट घ्या.

वर स्थिरावल्यावर कित्येकांना नवल वाटतं, कारण इंजिनाच्या घुमण्यात आतली शिट्टी झाकली जाते. मला दिल्लीच्या वाटेवर कधीकधी तासभर ती आठवतही नाही. उतरल्यावर शांत खोलीत ती "वाढली" असं वाटतं. वाढलेली नसते, झाकण निघालेलं असतं.

इअरप्लगचा पेच इथेच आहे. बाहेरचा आवाज जितका कापाल तितका आतला पुढे येतो. जेटमध्ये पुढे बसला असाल तर वर स्थिरावल्यावर इअरप्लग नकोच, असं मी म्हणेन. आवाज कापणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन इंजिनाची घरघर छान कमी करतात, पण नुसते चालू करून बसलं की काहींना आतला आवाज एकदम समोर उभा राहतो, कानावर दाब आल्यासारखंही वाटतं. म्हणून ते लावलेत तर खाली काहीतरी हलकं वाजत राहू द्या. ते शिट्टी बुडवण्याइतकं मोठं नको. शिट्टी आणि पाऊस दोन्ही ऐकू यावेत, पाऊस किंचित खाली. इंजिनावर मात करायला गाणं मोठं करणं ही सगळ्यात साधी चूक आहे. साध्या हेडफोनवर हे हमखास होतं.

श्रवणयंत्रवाल्यांनी ते काढून खिशात टाकू नये. आवाज कमी करून घालून ठेवावं.

८. उतरताना: इथे झोपायचं नाही

ही पायरी नीट जमली तर बाकी चुका पचतात.

जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली यायला लागतं. इंजिनाचा सूर बदलतो, नाक किंचित खाली झुकतं, घोषणा होते. त्याआधी जागे व्हा. झोपेत आपण फार कमी गिळतो. सोबतच्या माणसाला, नसेल तर हवाई सुंदरीला सांगून ठेवा, "उतरायला लागलं की उठवा."

मग हे करा, कान दुखायची वाट न बघता:

- दर मिनिटाला गिळा. गोळी तोंडात असली की थुंकी सुटते आणि गिळणं आपोआप होतं. खोटी जांभईही चालते, कारण खोटी देता देता खरी येते.
- तेवढ्याने सुटलं नाही तर नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि पाण्याचा घोट गिळा. माझं याच रीतीने काम होतं.
- तरीही गच्च असेल तर नाक धरून, तोंड मिटून अगदी हलके नाकात हवा भरा, गरम दुधावर फुंकर घालतो इतपतच. कानात टक् झालं की थांबा.

शेवटच्या प्रकाराला वालसाल्वा म्हणतात, सतराव्या-अठराव्या शतकातल्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून. यात जोर लावणं हा मोठा सापळा. नळी सुटत नाही म्हणून गाल लाल होईपर्यंत फुंकणारे मी पाहिलेत. त्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते. सर्दीत तर हे नकोच, नाकातली घाण कानाकडे ढकलली जाते. आणि दाबाचा फरक फार वाढू दिला की नळी जोर लावूनही उघडत नाही, म्हणून आधीपासून, थोडं थोडं.

घोट गिळण्याची दुसरी रीत जोसेफ टॉयन्बी या इंग्रज कर्णशल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते. हा माणूस १८६६ साली गेला तो कान वाजण्यावर उपाय शोधताना, स्वतःवरच क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक आम्लाच्या वाफांचा प्रयोग करून. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर कानाचा रामबाण उपाय पाठवला की मला टॉयन्बी आठवतो.

इअरप्लगबद्दल: साच्यातून बनवलेले किंवा सिलिकॉनचे हवाबंद प्लग उतरताना काढून ठेवा. विमानासाठी बारीक छिद्राचे वेगळे प्लग मिळतात. ते पडद्यावर येणाऱ्या दाबाचा वेग कमी करतात, नळी उघडून देत नाहीत. त्यामुळे ते घातले तरी गिळणं चालूच ठेवायचं, आणि ते उतरायच्या आधीच घालायचे.

कपात गरम पाण्याचा बोळा ठेवून कप कानाला लावायचा उपायही कुणीतरी सुचवतंच. करू नका, गरम पाणी सांडून कान-गाल भाजतात. तान्हं बाळ सोबत असेल तर उतरताना अंगावर पाजा किंवा बाटली द्या. रडलं तर रडू द्या, रडण्यानेही नळी उघडते. शेजारच्यांनी डोळे वटारले तर वटारू देत.

नाक धरून बसायची लाज मात्र सोडा. एकदा शेजारी भोकरदनकडचा एक पोरगा होता, पहिल्यांदाच विमानात. थोडा वेळ बघून म्हणाला, "काका, कामून नाक धरलं? वास येतोय का?" मी समजावून सांगितलं. पाच मिनिटांनी आमची अख्खी ओळ नाक धरून बसली होती.

९. उतरल्यावर

किंचित गच्चपणा काही तास राहतो. गिळत राहा, पाणी प्या. लगेच मेट्रोत किंवा ढोल-ताशाच्या स्वागतात जाऊ नका.

पहिली रात्र अवघड असते. नवी जागा, शांत खोली, आतली शिट्टी जोरात. अंधारात ती ऐकत पडू नका. पंखा लावा, कूलर लावा, मोबाइलवर हलका पाऊस लावून उशीपासून हातभर लांब ठेवा. अशी वाढ बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ओसरते. कानातला आवाज कायमचा घालवणारी गोळी नाही, पण त्याचा जाच कमी करायला सीबीटी नावाची बोलण्यातून होणारी उपचारपद्धत आहे, आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही फरक पडतो. रात्री अगदीच असह्य झालं, जीव नकोसा वाटला, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात.

डॉक्टरकडे कधी जायचं:

- दोन दिवसांनंतरही कान गच्च किंवा दुखरा असेल
- कानातून रक्त, पाणी आलं असेल
- गरगरत असेल, तोल जात असेल
- एका कानाचं ऐकणं एकदम कमी झालं असेल

यातलं शेवटचं असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. "सर्दीने बसला असेल, सुटेल" म्हणत पंधरवडा घालवला की संधी हातची जाते. ऑडिओमेट्रीचा तो कागद सोबत न्या.

परतीचा प्रवास तुलनेने सोपा. चिकलठाणा उंचावर असल्यामुळे मुंबईला उतरताना होते तेवढी घसरण इथे नाही, तरी गोळी तोंडात ठेवा. आणि बाहेर आल्यावर जालन्याकडे जाणारी शेअरची गाडी धरलीत तर ड्रायव्हरच्या शेजारची सीट मागून घ्या. मागच्या सीटच्या डोक्याशी स्पीकर बसवलेला असतो.